उटकटारीचे सात गुरुवार

"मास्तरीणबाई हितंच ऱ्हात्यात नव्हं?"

आवाज आला तेव्हा मी जमिनीवर टंकलेखनाचे कागद पसरून बसले होते. प्रबंधाच्या चार प्रती पानांप्रमाणे लावायच्या होत्या. पंख्याने कागद उडतात म्हणून तो बंद केला होता आणि घामाने हाताची बोटं कागदाला चिकटत होती. मृग लागायला चार दिवस होते. मिरजेची ती दुपार मला अजून आठवते ती त्या चिकट बोटांमुळे.

दारात बायडाबाई कोळेकर उभ्या होत्या. हिरवं इरकली लुगडं, पायात जाड वहाणा, काखेत घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मी त्यांना माळाशिवाय कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे क्षणभर ओळख लागली नाही.

"आत या," मी म्हणाले. "एकट्याच आलात? एवढ्या लांब?"

"यष्टीनं आली. कंडाक्टरला तुमच्या कालिजाचं नाव सांगितलं, त्यानं उतरून दिली. कालिजातल्या शिपायानं घर दावलं." त्या कागद ओलांडून भिंतीशी टेकल्या. आप्पांच्या रिकाम्या खाटेकडे त्यांनी एकदा बघितलं. "वडील गेलं म्हनं तुमचं. मला परवा कळलं, गावात परत आल्यावर."

"दसऱ्याच्या आधी गेले."

"वाटलंच व्हतं. तुमी यायच्या बंद झाला, तवाच म्हनलं, कायतरी इपरीत हाय."

मी पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी ते घोंगडं उलगडलं नाही. शेजारी ठेवून त्यावर हात ठेवून बसल्या.

बायडाबाई माझ्या आयुष्यात आल्या त्या उटकटारीमुळे. पुस्तकात तिला काटेचेंडू म्हणतात. मुरमाड माळावर, जिथे कुसळीशिवाय काही तग धरत नाही तिथे ती येते. पानं करवतीसारखी कातरलेली, वरून हिरवी, खालून पांढऱ्या लवेची, आणि प्रत्येक टोकाला काटा. थंडीत तिच्या शेंड्याला लिंबाएवढा काटेरी गोळा धरतो आणि त्यावर निळसर पांढरी फुलं येतात. तिच्या वाढीचा अभ्यास हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. विषय मी निवडला नव्हता. ही वनस्पती एका वर्षात संपणारी, की वर्षानुवर्षं टिकणारी, याबद्दल आमच्याकडच्या जुन्या पुस्तकांत दोन मतं होती. मंगसुळे सर, माझे मार्गदर्शक, म्हणाले होते, "आपल्या भागात कोणीतरी बसून मोजलं पाहिजे. बाकी सगळे एकमेकांचं वाचून लिहितात."

म्हणून जत तालुक्यातल्या कोरवंडीच्या माळावर मी चाळीस झाडं निवडली. चार ओळी, ओळीत दहा. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून त्याचे बिल्ले केले, खिळ्याने आकडे पाडले आणि प्रत्येक झाडाशेजारी खुंटीला बांधले. दर गुरुवारी कॉलेजला माझा तास नसायचा; कोरवंडीचा आठवडी बाजारही त्याच वारी भरायचा. पहाटेची एस.टी. पकडून जायचं, चाळीस झाडांची उंची, पानं, गोळे मोजायचे, आणि संध्याकाळी परत. आप्पा त्यावेळी एका अंगाने लुळे होते. शेजारच्या काकू गुरुवारी त्यांच्याकडे बघायच्या.

त्या माळावर बायडाबाईंची मेंढरं चरायची. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, एवढ्या चार ओळींत मेंढरं घालू नका. त्यांनी विचारलं, का. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोजून काय समजंल?" मी म्हणाले, "कशी वाढते, केव्हा वाढते, मरते केव्हा." त्यावर त्यांनी विचारलं, "मेल्यालं बी लिवायचं?" मी म्हणाले, "मेलेलं तर आधी लिहायचं." त्यानंतर दर गुरुवारी त्या माझ्यामागून ओळीने चालायच्या, मोजपट्टीचं दुसरं टोक धरायच्या.

श्रावण संपता संपता आप्पांना दुसरा झटका आला. सात गुरुवार मी माळावर गेले नाही.

चहा पिऊन झाल्यावर बायडाबाईंनी घोंगडं उलगडलं. आत बाभळीच्या चार सोललेल्या काठ्या होत्या. प्रत्येक काठीला काळ्या लोकरीच्या दहा-दहा दोऱ्या लोंबत होत्या. दोऱ्यांना गाठी होत्या.

"हे काय?"

"तुमची झाडं," त्या म्हणाल्या. "तुमी आला न्हाई. दोन बेस्तरवार वाट बगितली, तिसऱ्याला वाटलं, ह्यांचं काम अडंल. मग मागल्या दोन्ही बाजारांचं ध्येनात ठिवून गाठी मारल्या, आन् तितनं फुडं दर बेस्तरवारी मोजलं. मला आकडं येत न्हाईत. म्हून दोरी. एक टोक जिमनीला लावायचं, शेंड्याला गाठ मारायची. एका झाडाला एक दोरी. ही पयली वळ, ही दुसरी, ही तिसरी, ही चौथी. डावीकडनं उजवीकडं, जशी झाडं हुबी हाईत तशी."

मी पहिली काठी हातात घेतली. लोकर त्यांनी स्वतः चातीवर कातलेली होती, हात लावल्यावर तेलकट लागली. पहिल्या दोरीला सात गाठी होत्या, प्रत्येक मागच्यापेक्षा जरा वर. दुसरीलाही सात. तिसऱ्या दोरीला दोन गाठी होत्या, त्यानंतर पांढऱ्या लोकरीच्या दोन चिमट्या बांधलेल्या, आणि तिथून एक दुसरी दोरी जोडलेली. त्या जोडदोरीला तीन गाठी.

"ह्या दोरीचं काय झालं?"

"ते मेलं व्हतं."

"मग ह्या पुढच्या गाठी?"

"परत आलं." त्यांनी माझ्या हातातली दोरी बोटात धरली. "भादव्यात पावसानं वढ दिली का न्हाई? ह्यो बाजार, ह्यो बाजार. मग वाळून गेलं, पार जिमनीपतूर. दोन बाजार काय न्हाई. ती दोन पांढरी. म्या म्हनलं, गेलं, आता दोरी सोडावी. पर तुमी म्हनला व्हता, मेल्यालं आधी लिवायचं. म्हून पांढरं बांदलं. मग पाऊस पडला, आन् त्याच मुळातनं नवा कोंब. मी नखानं उकरून बगितलं. मूळ जितं व्हतं, पांढरं, पार खाली मुरमात गेल्यालं. मग नव्या दोरीनं मोजाय लागली."

"अशी किती?"

"सतरा."

मी मोजल्या. सतराच होत्या.

"दसऱ्याला आमी मेंढरं घिऊन खाली कृष्णाकाठाला गेलो. तुमची गाठ पडली न्हाई. आठ म्हैने ह्या काठ्या तळावर पालाच्या मेढीला टांगल्या व्हत्या. उंदरानं खाऊ न्हाई म्हून. परवा आलो, आन् आज आनून दिल्या." त्या जरा पुढे वाकल्या. समोर पसरलेल्या कागदांवर त्यांची नजर गेली. "ह्येच पुस्तक व्हय?"

"हो."

"ह्यात लिवशीला नव्हं ह्या गाठी?"

"हो," मी म्हणाले. "लिहीन."

त्यांना संध्याकाळची एस.टी. गाठून द्यायला मी स्टँडवर गेले. खिडकीतून त्या म्हणाल्या, "जिवाला खावा-प्या. लई उतरला हाईसा." गाडी गेली.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडलं. त्यात त्या सात गुरुवारांचे दोनशे ऐंशी आकडे होते. उंचीचे. ते मी दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिले होते.

आधी लिहिलेच नव्हते. आप्पा गेले, दिवस झाले, मी पुन्हा माळावर जायला लागले. झाडं होती. श्रावणाअखेर बारा-चौदा सेंटिमीटर होती, आता वीस-बावीस होती. बायडाबाई तळावर निघून गेल्या होत्या. मी मोजपट्टी लावली, आकडा लिहिला, पुढे गेले. काही झाडांच्या बुडाशी वाळकी खुंटं दिसली होती. मी ती पाहिली. वाकून उकरलं नाही. त्या दिवसांत मी एखादं काम करत असताना ते करते आहे हेही मला कळत नसे. काकूंनी ताट वाढलं की जेवायचे, एस.टी. आली की चढायचे. मग एका दुपारी आप्पांचे राहिलेले कागद आणायला दवाखान्यात गेले. कारकुनाने थांबायला सांगितलं. पिशवीत वही आणि आलेखाचा कागद होता. त्याच बाकावर बसून मी आधीचा ठिपका आणि नंतरचा ठिपका जोडला. मधले आकडे त्या रेषेवरून उचलले. चाळीस झाडांचे. शाई बदलली. एका पानावर पिशवीच्या तळाची माळाची माती बोटाने पुसली. कारकुनाने हाक मारली तेव्हा काम पूर्ण झालं होतं.

त्या सरळ रेषांवरून मी प्रकरणाचा शेवट लिहिला होता. दुष्काळी ताणात वाढ मंदावते पण खंडित होत नाही. मुळातून पुनरुद्भव आढळला नाही. सरांच्या सूचनेवरून एक वाक्य वाढवलं होतं, म्हणजे कामाला थोडा उपयोगही दिसेल: फुलोऱ्यापूर्वी जमिनीलगत कापणी केल्यास दोन वर्षांत कुरणातून या वनस्पतीचं निर्मूलन शक्य आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठ्या घेऊन सरांकडे गेले. ते तीस जूनला निवृत्त होणार होते. घरात पुस्तकांची खोकी बांधलेली होती. सर स्टुलावर बसून सुतळीला गाठी मारत होते.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग एक काठी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि दोरीवरून बोट फिरवत गेले.

"फार नीट काम केलंय," ते म्हणाले.

"सर, माझे सात आठवडे खोटे आहेत."

"मला माहीत होतं."

मी एका खोक्याच्या कडेला टेकले.

"मी तुझ्या वडिलांना बघायला दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा गुरुवार होता. तू तिथेच होतीस. मग तुझ्या वहीत त्या गुरुवारचे आकडे दिसले." त्यांनी काठी परत घोंगड्यावर ठेवली. "मी म्हटलं, मुलीवर काय वेळ आहे, आणि आपण हे कुठं काढत बसायचं. सात आठवडे, त्यात काय बिघडणार. वाढ काही उलटी होत नाही. असं मला वाटलं."

"आता काय करायचं?"

आत कुठेतरी कुकरची शिटी झाली.

"हे खरं धरायचं तर चौथं आणि पाचवं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल. दोऱ्यांवर परीक्षक विश्वास ठेवणार नाहीत, म्हणजे आणखी एक पावसाळा मोजावं लागेल. तोवर मी नसेन. तुला दुसरा मार्गदर्शक शोधावा लागेल, तो विषय बदलायला सांगेल. तुझी मुलाखत जुलैत आहे. सहा वर्षं तू अर्धवेळ शिकवतेयस." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी तुला जा म्हणत नाही, थांब म्हणत नाही, मालन. तू लिहिलंस, मी सही केली. दोघांचं मिळून आहे हे. मी खरंच दमलोय."

"आणि ह्या दोऱ्या?"

"जपून ठेव. नोकरी लागल्यावर यांच्यावर वेगळा लेख लिही. त्या बाईंचं नाव घाल."

मी घरी आले आणि उरलेल्या दोन प्रतींची पानं लावली. चौदा जूनला प्रबंध दाखल केला. ऋणनिर्देशात शेवटून दुसऱ्या ओळीत श्रीमती बायडाबाई कोळेकर यांनी क्षेत्रकार्यात केलेल्या मदतीबद्दल आभार होते. जुलैत नोकरी पक्की झाली.

वेगळा लेख मी लिहिला नाही. पहिल्या वर्षी तासिका जास्त होत्या, दुसऱ्या वर्षी घर बदललं. मंगसुळे सर चौथ्या वर्षी गेले. काठ्या आप्पांच्या लोखंडी पेटीत होत्या. एकदा उघडून बघितलं तर लोकरीला कसर लागली होती आणि दोऱ्यांचे तुकडे पेटीच्या तळाशी पडले होते. कुठला तुकडा कुठल्या झाडाचा, ते सांगता येणार नव्हतं. मी पेटी झाडून उन्हात ठेवली.

अकरा वर्षांनी, भाद्रपदात, मला एक पत्र आलं. कुरण विकासाची एक योजना होती, तिच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याचं. नाव दहिफळे. त्यांनी फार आदराने लिहिलं होतं. कोरवंडीच्या माळावर गवताचं कुरण उभं करण्याचं काम तीन वर्षं चालू आहे, उटकटारीच्या निर्मूलनासाठी आम्ही आपल्या प्रबंधातली पद्धत वापरतो आहोत, परंतु अपेक्षित परिणाम दिसत नाही, तरी आपण एकदा येऊन पाहावं.

मी तोवर विभागप्रमुख झाले होते. पत्र मी आठ दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. मग त्यांनी फोन केला आणि मी येते म्हणून सांगून टाकलं.

माळाला तारेचं कुंपण आलं होतं. फाटकावर पाटी होती, चराईबंदी. आत पंधरा-वीस बाया ओळीने बसून विळ्याने उटकटारी कापत होत्या. प्रत्येकीच्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. कापलेल्या काट्यांचे ढीग मागे पडत होते. जिथे एक झाड कापलं होतं तिथे बुडातून तीन-तीन, चार-चार कोंब आले होते. मला ते जीपमधून उतरताच दिसलं.

दहिफळे तिशीच्या आतले होते. हातात माझ्या प्रबंधाच्या पानांच्या झेरॉक्स होत्या, चौथं प्रकरण, वाक्याखाली लाल रेघ. "मॅडम, आम्ही अगदी जमिनीलगत कापतो. फुलोऱ्याच्या आधी. तिसरं वर्ष आहे, आणि दर वर्षी दाटच होत चाललंय. आमचं काही चुकतंय का?"

मी उत्तर द्यायच्या आत ओळीतून एक बाई उठून आल्या. केस पांढरे झाले होते, कंबरेत वाक आला होता. चालीवरून ओळखलं.

"बाई," बायडाबाई म्हणाल्या. "आलासा. लई झाक झालं." त्यांच्यामागून एक तरुण बाई आली, हातातला विळा न ठेवताच. "ही माजी सून, रखमा. सातवी शिकल्याली हाय." मग त्या दहिफळ्यांकडे वळल्या. "आता ह्यास्नीच इचारा साहेब. मी तीन वर्सं सांगतीया, हे कापून जात न्हाई, मुळातनं येतंया. ह्यांच्या पुस्तकात लिवलंय."

"आजी, पुस्तकात उलटं आहे. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं."

"तुमी उलटं वाचलं आसंल." त्या माझ्याकडे वळल्या. बोलण्यात तक्रार नव्हती, फक्त लवकर सांगून मोकळं व्हावं अशी घाई होती. "काटा संपल्याबिगर मेंढरं आत सोडत न्हाईत. तीन वर्सं झाली. निम्मी मेंढरं इकली, निम्मी लोकाच्या रानात फिरत्यात. आन् काटा तर संपतच न्हाई. तुमी सांगा ह्यास्नी. माझ्या गाठी हाईत की पुस्तकात. सतरा झाडं."

विळ्यांचा आवाज थांबला होता. बाया बसल्या जागेवरून बघत होत्या.

मला तेव्हा सांगता आलं असतं की जुन्या संशोधनात मर्यादा असतात, माती बदलते, पाऊस बदलतो. येताना जीपमध्ये मी तीच वाक्यं जुळवत होते. पण दहिफळे पानं चाळत होते, बायडाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला ती वाक्यं उभी करायचादेखील थकवा आला.

"गाठी पुस्तकात नाहीत," मी म्हणाले.

"म्हंजी?"

"मी लिहिल्या नाहीत. आप्पा आजारी होते त्या सात गुरुवारचे आकडे मी मनाने घातले होते. तुम्ही काठ्या घेऊन आलात तेव्हा पुस्तक तयार होतं. मी बदललं नाही." मग दहिफळ्यांना म्हणाले, "ह्या बरोबर सांगतायत. कापून जाणार नाही. मूळ खाली जिवंत राहतं. माझं वाक्य चूक आहे, आणि ते चूक असल्याचं मला अकरा वर्षं माहीत आहे."

दहिफळ्यांनी पानं बंद केली. एकदा माळाकडे बघितलं, एकदा बायांकडे. "मॅडम, हे तुम्ही लेखी द्याल?"

"देईन."

"तुमच्या पदवीचं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बायडाबाई तशाच उभ्या होत्या. "त्या दिशी मी इचारलं, तवा तुमी व्हय म्हनला."

"हो."

"ते खोटं व्हतं."

"हो."

"आन् माज्या काठ्या?"

"कसरीने खाल्ल्या. मी राखल्या नाहीत."

त्यांनी मान हलवली. हाताची चिंधी सुटली होती, ती दाताने धरून पुन्हा बांधली आणि ओळीत आपल्या जागी जाऊन बसल्या. रखमा थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबली, मग तीही गेली.

जीपच्या टपावर कागद ठेवून मी दोन पानं लिहिली, खाली सही केली, तारीख घातली. दहिफळ्यांनी ती वाचली. म्हणाले, "वर पाठवतो. पण नुसत्या पत्रावर काम थांबणार नाही. कापलेलं परत येतं हे मोजून दाखवावं लागेल. आठवड्याच्या आठवड्याला, तीन महिने तरी. आमच्याकडे माणूस नाही."

"मी येईन," मी म्हणाले. "गुरुवारी."

पुढचं थोडक्यात सांगते. माझ्या पत्राची एक प्रत मी विद्यापीठालाही पाठवली. चौकशी समिती बसली, दीड वर्ष चालली. पदवी काढून घेतली नाही, विभागप्रमुखपद काढून घेतलं. कॉलेजात काही लोक माझ्याशी बोलायचे थांबले, काही उगाच जास्त बोलू लागले. निवृत्तीपर्यंत मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पेशी शिकवल्या. त्याचं मला फारसं वाटलं नाही. आत कुठेतरी सुटल्यासारखंच वाटलं, पण ते सांगण्यासारखं नाही. माळावरची कापणी पुढच्या चैत्रात थांबली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात फाटक उघडलं. बायडाबाईंच्या मेंढरांतली उरलेली सव्वीस आत गेली.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या गुरुवारचं.

मी गेले तेव्हा कापणी पलीकडच्या अंगाला सरकली होती. मी वीस कापलेली झाडं निवडली, खुंट्या ठोकल्या. बायडाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं, पण थोड्या वेळाने त्या आल्या. रखमाही आली. मोजपट्टीचं दुसरं टोक बायडाबाईंनी धरलं. पहिलं झाड, दुसरं झाड. प्रत्येक झाडाशी त्या कमरेच्या पिशवीतून काळी दोरी काढत, टोक जमिनीला लावत आणि कोंबाच्या शेंड्याला गाठ मारत. मी वहीत आकडा लिहीत होते. ऊन चढलं. वीस झाडं व्हायला दोन तास लागले. त्या एवढ्या वेळात माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

शेवटचं झाड झाल्यावर त्या मुरमावर खाली बसल्या. वीस दोऱ्या त्यांनी ओळीने पुढ्यात मांडल्या.

"काय काय लिवलंय, वाचून दावा," त्या म्हणाल्या.

मी वही उघडली. पहिला आकडा वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"तुमी नगं. रखमा वाचंल."

मी वही रखमाच्या हातात दिली. तिने बोट ठेवत, एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. पहिलं झाड, नऊ सेंटिमीटर. बायडाबाईंनी पहिली दोरी उचलली, मोजपट्टीवर ताणून रखमासमोर धरली. रखमाने वाकून आकडा पाहिला.

"बराबर हाय," रखमा म्हणाली.

"फुडचं," बायडाबाई म्हणाल्या.